बारा बशा, तळापासून

टाकीत सत्तावीस होते. डाव्या कप्प्यात चौदा माद्या, उजव्या कप्प्यात नऊ नर, आणि मधल्या कप्प्यात असे चौघे की ज्यांचं काहीच सांगता येत नव्हतं. सी अर्चिन नावाचा हा समुद्रातला प्राणी अंडी किंवा बीज बाहेर टाकेपर्यंत आपण बाई की बुवा याचा पत्ता कुणाला लागू देत नाही. दिसायला सगळे एकाच साच्यातले. लिंबाएवढा जांभळा गोळा, चहूकडून काटे, तोंड खाली आणि बाकीची सोय वर. टाकीच्या काचेवर दोन चिठ्ठ्या होत्या. जुनीवर लिहिलं होतं, ‘प्रथिन विभाग’. नवीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘शुक्रवारनंतर रंग विभाग?’

ती नवी चिठ्ठी शंभरी येता-जाता वाचायची आणि त्यातल्या प्रश्नचिन्हावर जीव टांगून ठेवायची.

शंभरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती प्रत्येक बशीतली शंभर पिल्लं मोजायची, नव्याण्णव नाही की एकशे एक नाही, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला शंभरी म्हणायचे. पदवी घेऊन तिला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातलं सव्वा वर्ष या टाकीसमोर गेलं होतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं, आणि ती ते सगळ्यांना सांगायचीही. म्हातारपणी माणसाची आठवण पुसणारा जो अल्झायमरचा आजार, त्यात मेंदूत एका प्रथिनाच्या गुठळ्या साठतात. आधी लहान लहान गुठळ्या होतात, मग त्याच एकमेकींना चिकटून लांब धागे होतात. यातलं जास्त विषारी कोण? शंभरीचं म्हणणं, लहान गुठळ्या. माणसाच्या मेंदूत घालून बघायची सोय नाही, म्हणून तिने अर्चिनची पिल्लं धरली होती. अंडं फळलं की दोन दिवसांत काचेसारखं आरपार दिसणारं चार हातांचं पिल्लू पोहायला लागतं. काही बिघडलं असेल तर ते झाकून राहत नाही. हात लहानमोठे होतात, अंग आखडतं, पोहणं थांबतं.

दर खेपेला बारा बशा. एक ते चारमध्ये प्रथिन सोडून बाकी सगळं घातलेलं समुद्राचं पाणी. पाच ते आठमध्ये धागे. नऊ ते बारामध्ये लहान गुठळ्या. आणि दर खेपेला एकच चित्र: पाण्यात बिघडलेली थोडी, धाग्यांत त्याहून जास्त, गुठळ्यांत सर्वांत जास्त. आलेख काढला तर जिना. एकेक पायरी अशी नीट की त्यावरून चढून जावं.

हा जिना तिने मोबाइलवर घेतला आणि मग तिचे पाय जमिनीला लागेनात. सहकाऱ्यांना दाखवला. काच धुणाऱ्या मावशींना दाखवला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला दाखवला, तर तो म्हणाला, “छान आहे, पण लिफ्ट का नाही लावत?”

म्हणूनच बाईंनी जेव्हा अट घातली तेव्हा ती पेचात सापडली. बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. बोलायच्या कमी आणि चष्म्यावरून बघायच्या जास्त.

“शुक्रवारी चारला बैठक आहे,” बाई म्हणाल्या. “टाकी एकच आहे आणि मागणारे दोन. रंग विभागाच्या त्या रंगवाल्याला जहाजांच्या रंगाने समुद्रातले जीव मरतात का ते बघायचंय. तुझा जिना बघितला मी. पण मोजणारी तू, मांडणारी तू आणि खूश होणारीही तूच. दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्र मोजायला हवं. दोघांच्या आकड्यांत शंभरामागे पाचाहून जास्त फरक नको. नसला तर टाकी तुझी.”

“मोजतील की कुणीही, बाई.”

“कुणीही नाही. उत्तर काय यायला हवं हे ज्याला माहीत नाही, तो.”

शंभरीने सगळ्या इमारतीचा मनातल्या मनात फेरफटका मारला. असा एकही माणूस उरला नव्हता. बढाया मारून मारून तिने पहारेकऱ्यापर्यंत सगळे साक्षीदार बाद करून ठेवले होते.

घरी मात्र एक जण होती. आत्या. बाबांची थोरली बहीण, कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली. शंभरीने आलेखाचा फोन पुढे केला होता तेव्हा आत्याने तोंड फिरवून घेतलं होतं. “मला निकाल सांगू नकोस. आधी माल दाखव.” कारखान्यात शिवणारे येऊन सांगत, “आत्या, आजचा गठ्ठा एकदम फक्कड आहे हं.” त्यांना आत्या हेच ऐकवायची.

“आत्या, माल दाखवते, येतेस?” शंभरीने विचारलं.

“काय माल?”

“अर्चिनची पिल्लं. म्हातारपणी विसरायला होतं ना, त्या आजाराचं काम आहे.”

आत्या भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. कारखान्यात तिच्या शेजारी काजं करणारी एक मैत्रीण बसायची. दिवसाला चारशे काजं, पट्टी न लावता, सगळी एका मापाची. हल्ली आत्या तिला भेटायला गेली की ती फार अदबीने विचारायची, “बसा ना, आपण कोण?” आणि आत्या दर वेळी स्वतःची नव्याने ओळख करून द्यायची. कधी कधी थोडी वाढवूनही. मागच्या महिन्यात आत्या कारखान्याची मालकीण होती.

“येते,” आत्या म्हणाली. “चष्मा कुठला घेऊ, जवळचा की लांबचा?”

बुधवारी सकाळी आत्या आली ती पिशवीत एक बटणांचा डबा घेऊन. टाकीसमोर उभी राहून तिने अर्चिनकडे बराच वेळ बघितलं.

“ही तर टाचण्यांची उशी आहे,” ती म्हणाली. “उलट्या टाचण्या खोचलेली.”

“आत्या, इकडे बघ. यातून.”

आत्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एक पिल्लू मजेत गिरक्या घेत नजरेसमोरून गेलं.

“चार बाह्यांची बंडी,” आत्या म्हणाली. “घालणार कोण?”

“चारही बाह्या नीट, अंग नीट, पोहतंय, तर चांगलं. नाहीतर बिघडलेलं. शंभर मोजायची, बिघडलेली किती ते लिहायचं. हे घे मोजणीचं यंत्र, बोटाने दाबायचं.”

“ते ठेव तुझ्याकडे. माझी बटणं आहेत.” आत्याने शंभर बटणं मोजून समोर ठेवली आणि दोन वाट्या मागितल्या. चांगलं दिसलं तर बटण उजव्या वाटीत, बिघडलेलं दिसलं तर डाव्या. डोळा वर उचलायला नको की बोट दुखायला नको.

शंभरीने बशांचे दोन जुळे संच तयार ठेवले होते. तीच अंडी, तेच बीज, तेच पाणी. एक संच तिच्यासाठी, एक आत्यासाठी. त्या गारव्याच्या कपाटात होत्या, अठरा अंशांवर. या कपाटाचं दार उघडलं की ते दोन मिनिटं केकाटायचं, आणि पलीकडच्या टेबलावरून रंगवाला न बघता म्हणायचा, “दार.” म्हणून शंभरीने सव्वा वर्षापूर्वीच एक सोय लावून घेतली होती: सगळ्या बशा एकदमच बाहेर काढायच्या, टेबलावर ओळीने मांडायच्या आणि एकेक मोजत जायचं. दार एकदाच उघडायचं, रंगवाल्याचं तोंडही एकदाच. या सोयीचा तिला अभिमानच होता.

दहा वाजता दोघी शेजारी शेजारी बसल्या. शंभरीने एक नंबरची बशी घेतली. एक बशी म्हणजे पंधरा मिनिटं, असे तीन तास. मध्ये रंगवाला चहाचा पेला घेऊन आला, आत्याच्या मागे उभा राहिला.

“काय आत्या, माल कसा आहे?”

“तू शिवलायस का?”

“नाही.”

“मग बाजूला हो, उजेड अडतोय.”

एक वाजता शंभरीने आपला कागद पूर्ण केला. पहिल्या बशीत सहा, चौथीत पंधरा, पाचवीत तेवीस, आठवीत बत्तीस, नववीत बासष्ट, बारावीत अडुसष्ट. जिना. तिने मान वळवून आत्याचा कागद ओढून घेतला आणि पहिली ओळ दोनदा वाचली. पहिल्या बशीसमोर आत्याने अडतीस लिहिलं होतं. बारावीसमोर त्रेचाळीस.

“आत्या, पहिल्या बशीत अडतीस? त्यात काहीच नाहीये, नुसतं पाणी आहे.”

“ते मला कसं कळणार? मला बंड्या दिसतात, पाणी नाही.”

“आणि बारावीत एवढी कमी?”

“तिथे जेवढी दिसली तेवढी लिहिली. वाढवून लिहायची रीत आहे का तुमच्यात?”

रंगवाल्याने पलीकडून ऐकलं. तो खिशातून फीत काढून टाकीची रुंदी मोजायला लागला.

शंभरीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पाचाचा फरक नको म्हणे. इथे पहिल्याच बशीत बत्तीस. तिने एकेक ओळ खाली नेली. सहाव्या आणि सातव्या बशीत मात्र दोघींचे आकडे जवळजवळ तेच होते, सव्वीसला एकोणतीस आणि एकोणतीसला सव्वीस. वर जावं तसा फरक वाढत होता, खाली जावं तसाही. जणू दोन जिने एकमेकांना कात्रीसारखे कापत होते.

“आत्या, तू मोजायला कुठून सुरुवात केलीस?”

“शेवटून. बारा नंबर पहिला.”

“अगं, पण का?”

“गठ्ठा कधी वरून तपासायचा नसतो,” आत्या शांतपणे बटणं डब्यात भरत म्हणाली. “शिवणारे चांगला माल वर ठेवतात आणि खोटा तळाला दाबतात. वरचे दहा बघून तपासणारी पेंगली की तळाचं पास. मी एकतीस वर्षं तळापासून बघितलं. सवय आहे.”

शंभरीच्या डोक्यात लख्ख झालं, आणि जे झालं ते तिला अजिबात आवडलं नाही. ज्याने ज्या बशीने सुरुवात केली, ती बशी चांगली. जी बशी तीन तास टेबलावर वाट बघत बसली, ती वाईट. टेबलाला लागून शीतपेटीची पाठ होती, ती दिवसभर गरम वाफारे टाकायची. तिने तापमापी आणून बशांच्या ओळीत ठेवली. एकोणतीस अंश. अठराची सवय असलेली पोरं एकोणतीसमध्ये तीन तास.

पण याचबरोबर तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली, आणि ती फार गोड होती. आत्याने पुढच्या खेपेला एक नंबरपासून मोजलं, तर दोघींचे आकडे तंतोतंत जुळतील. पाचाचा काय, दोनाचाही फरक राहणार नाही. बाईंची अट पूर्ण. टाकी तिची. आणि यात कुणी काही खोटं लिहिणार नव्हतं.

“आत्या,” ती म्हणाली, आणि आपला आवाज जरा जास्तच साधा झालाय हे तिला स्वतःलाच जाणवलं, “शुक्रवारी परत मोजायचंय. तेव्हा एक नंबरपासून मोजशील?”

“का गं?”

“आमच्याकडे तशी पद्धत आहे.”

आत्याने डब्याचं झाकण लावलं. “मोजीन की. तुझा कारखाना, तुझी पद्धत. फक्त एक विचारू? शेरा कुठे लिहायचा असतो तुमच्यात?”

“कसला शेरा?”

“खोट कुठल्या जातीची ते. आमच्याकडे दोन रकाने असायचे. तुझ्या बारा नंबरच्या बशीत बिघडलेल्या बंड्यांची कापणीच चुकलेली होती. एक बाही लांब, एक आखूड, एक तर मुळात नाहीच. ते शिवण्याआधीच बिघडलेलं. पण पहिल्या बशीत तसं नव्हतं. तिथे कापणी बरोबर, शिवण बरोबर, चारी बाह्या सारख्या. फक्त कापड आकसलं होतं. गरम पाण्यात धुतल्यावर आकसतं तसं. दोन्ही मी डाव्या वाटीतच टाकली, तू तसंच सांगितलंस म्हणून. पण कारखान्यात असं केलं असतं, तर धोब्याच्या चुकीसाठी शिंप्याला घरी बसवलं असतं.”

शंभरीने हातातलं मोजणीचं यंत्र खाली ठेवलं. सव्वा वर्षात तिने हजारो पिल्लं मोजली होती आणि आखडलेलं व वाकडं वाढलेलं एकाच खात्यात टाकलं होतं, कारण दोन्ही बिघडलेलीच. तिने सूक्ष्मदर्शकाखाली आपली बारावी बशी परत घेतली. मग आपली पहिली. पहिल्या बशीतली सकाळी नाचत होती. आता चार तासांनी ती तळाशी बसली होती, हातपाय आवळून, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखी. फक्त कारण उलटं.

ती दुपार तिने स्वतःशी भांडण्यात घालवली. रंग विभागाच्या चिठ्ठीसमोरून ती पाच वेळा गेली. एकदा तर ती चिठ्ठी तिने जरा सैल करून बघितली. साडेचारला तिने दोन्ही कागद उचलले आणि बाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी कागद बघितले. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“म्हणजे तुझा जिना खोटा?”

“अर्धा, बाई. किती अर्धा ते माहीत नाही. गुठळ्यांचा थोडा आणि उकाड्याचा थोडा. सव्वा वर्षं मी त्याच क्रमाने मोजत होते, म्हणून दर वेळी तोच जिना आला.”

“आणि तुझ्या आत्याने दुसऱ्या टोकाने मोजलं.”

“हो. नाहीतर कळलंच नसतं.” मग ती पुढे म्हणाली, कारण न सांगता राहवेना, “तिला एकपासून मोजायला सांगितलं असतं तर आकडे जुळले असते.”

“सांगितलं होतंस?”

“सांगितलं होतं.”

बाईंनी दोन्ही कागद घडी करून बाजूला ठेवले. मग त्यांनी खिडकीच्या बाजूचं कॅलेंडर बघितलं. “हंगाम संपत आलाय. किती माद्यांत अंडी उरलीत?”

“दोन. फार तर तीन.”

“मग एकच खेप. आज फळव, परवा दुपारी मोज. अट तीच. पाचाहून जास्त फरक नको. आणि आता आणखी एक: लहान गुठळ्या आणि धागे यांत किमान दहाचा फरक दिसायला हवा, नाहीतर तुझ्या म्हणण्यात दम नाही. बशांवरचे नंबर तू टाकायचे नाहीस.”

“मग कोण टाकणार?”

“ज्याला तू हरलेली हवी आहेस, तो.”

अशा रीतीने रंगवाल्याला कामाला जुंपलं गेलं. शंभरीने त्याच संध्याकाळी दोन माद्यांना सुई टोचली. मिठासारख्या एका क्षाराचं पाणी आत गेलं की अर्चिन जवळ असेल ते सगळं सोडून देतो. पिवळसर अंडी खाली उतरली, वर नराचं बीज पडलं, बशा भरल्या. मग तिला खोलीबाहेर काढण्यात आलं आणि रंगवाल्याने बारा बशांची अदलाबदल करून त्यांना आपल्या मनाने अक्षरं दिली. कुठल्या अक्षरात काय आहे तो कागद त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाला बटण लावलं.

“बटण सैल आहे तुझं,” गुरुवारी नव्या कागदावर रकाने आखून द्यायला आलेली आत्या म्हणाली. “इकडे ये, दोन टाके घालते. नाहीतर उद्या म्हणशील कागद पडला.”

“आत्या, मी प्रामाणिक माणूस आहे.”

“असशील. बटण नाहीये.”

शुक्रवारी दुपारी ठीक बारा वाजता शंभरीने कपाटाचं दार उघडलं. कपाट केकाटलं. रंगवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने बारा बशा आतल्या आत ठेवूनच एकेकीत फॉर्मॅलिनचे दोन थेंब टाकले, म्हणजे सगळी पिल्लं त्याच मिनिटाला जशी होती तशी थांबली. आता टेबलावर तीन तास राहोत की तीन दिवस, बाही आखूड होणार नव्हती. पोहणं बघायची सोय गेली, पण तिने तो रकाना आधीच काढून टाकला होता. नव्या कागदावर दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं ‘कापणी’, दुसऱ्यावर ‘आकसणं’. बाईंनी ते वाचलं, लाल पेन उचललं आणि परत ठेवलं.

यावेळी एकच संच होता. दोघींनी तो आलटून पालटून मोजला. शंभरीने अक्षरांच्या चिठ्ठ्या एका वाटीत टाकून, हाताला येईल ती बशी घेतली. आत्याने नेहमीप्रमाणे रांगेच्या शेवटून सुरुवात केली. बशा कशाही मांडलेल्या असल्याने तिच्या शेवटाला आता काही अर्थ नव्हता, हे शंभरीने तिला समजावून सांगितलं.

“अर्थ तुला नसेल,” आत्या म्हणाली आणि चष्मा पुसला.

मोजता मोजता शंभरीला सारखं वाटत होतं की ही बशी गुठळ्यांची असावी. मग वाटायचं, नसावी. पूर्वी बशी हातात घेण्याआधीच तिला उत्तर ठाऊक असायचं. आता समोर नुसती पिल्लं होती, एकामागून एक, आणि प्रत्येकाला चार हात आहेत की नाहीत एवढाच प्रश्न. एका बशीत तिला सलग सात वाकडी सापडली आणि आनंद झाला. मग ती बशी पाण्याची निघाली तर, या विचाराने तिने आनंद परत घेतला.

पावणेचारला आत्याची शेवटची बटणं वाटीत पडली. चारला बैठकीच्या खोलीत पाच माणसं बसली होती. आत्याला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. निकालाच्या वेळी तपासणारी बसत नाही, असं तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तोच शर्ट घातलेल्या रंगवाल्याने खिशाचं बटण काढायला घेतलं. आत्याचे टाके इतके पक्के बसले होते की बाईंना कात्री द्यावी लागली. त्याने कागद उघडला आणि एकेक अक्षर वाचलं. बाईंनी फळ्यावर तीन ओळी आखल्या. डावीकडे शंभरीचे आकडे, उजवीकडे आत्याचे, प्रत्येक ओळीत चार बशा, चारशे पिल्लं, आणि हिशेब दोन्ही रकाने मिळून शंभरामागे बिघडलेल्यांचा.

पाणी: सहा, सात.

धागे: अकरा, बारा.

लहान गुठळ्या: त्रेचाळीस, एक्केचाळीस.

दोघींच्या आकड्यांत दोनाहून जास्त फरक नव्हता आणि गुठळ्या धाग्यांच्या जवळजवळ तीसने पुढे होत्या, म्हणजे दोन्ही अटी पूर्ण: टाकी शंभरीची.